खालच्या ओळीतली आठ माणसं

खंडेनवमीला यंत्रं उघडायची, पुसायची आणि पुजायची, ही सवय हेमांगीला वडिलांच्या पिठाच्या गिरणीतून लागली होती. कराडच्या शनिवार पेठेत अण्णांची गिरणी होती. वर्षभर ती धडधडायची आणि नवमीचा एकच दिवस गप्प बसायची. त्या दिवशी अण्णा पट्टा उतरवायचे, जात्याचे दगड बाजूला काढायचे, बेअरिंगं रॉकेलने धुवायचे आणि सगळे भाग घोंगडीवर दोन ओळींत मांडायचे. पंगतीला माणसं बसतात तसे, समोरासमोर, मधे समई. वर्षभर हे आपल्याला जेवू घालतात, आज यांची पंगत, असं ते म्हणायचे. हेमांगी आणि तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी उज्ज्वला, म्हणजे अक्का, दोघी मिळून प्रत्येक भागाला हळदकुंकू लावायच्या. अक्काचं बोट नेमकं पडायचं. हेमांगीचं कुंकू ओघळायचं, आणि अक्का ते आपल्या पदराच्या टोकाने टिपून घ्यायची.

त्या गिरणीच्या जागी आता औषधांचं दुकान होतं. बासष्ट वर्षांची हेमांगी कोयनेच्या खोऱ्यातल्या एका स्मरणकेंद्रात यंत्रं सांभाळत होती, आणि तिथेही दर नवमीला पंगत मांडत होती.

स्मरणकेंद्रात नेमकं काय चालतं, असं गावातल्या बायका तिला विचारायच्या. ती सांगायची, की म्हातारपणच्या विसराळूपणाच्या आजारात मेंदूतला आठवणी ठेवणारा आणि काढून देणारा भाग आधी खचतो. लहानपणच्या आठवणी खोलवर रुजलेल्या असतात, त्या बहुधा शेवटपर्यंत टिकतात. पण नंतरचं आयुष्य ओल धरलेल्या भिंतीच्या पोपड्यांसारखं गळून पडतं. म्हणून आजाराची चाहूल लागताच माणसाच्या कानामागे बोटाच्या पेराएवढं यंत्र बसवायचं. मग वर्षभर त्याच्याकडून त्याचं आयुष्य आठवून घ्यायचं आणि केंद्रातल्या साठ्यात उतरवायचं. पुढे त्याला आठवेनासं झालं, की यंत्राने ते साठ्यातून आणून त्याच्या मेंदूला द्यायचं. समोर मुलगा आला, की हा आपला मुलगा, हा लहानपणी तोतरा बोलायचा, एवढं सगळं पापणी लवायच्या आत परत मिळायचं.

यंत्र आणि साठा यांच्यामधला कारकून म्हणजे ब्लेड. चॅसिस नावाच्या मोठ्या लोखंडी पेटीत सोळा ब्लेड पुस्तकांसारखी उभी असायची, आठ वरच्या ओळीत, आठ खालच्या. एक ब्लेड एका माणसाचं. साठा पलीकडच्या खोलीत होता आणि चॅसिसपासून तिथपर्यंत काचेच्या तंतूंच्या तारा गेल्या होत्या. एकाच्या आठवणी दुसऱ्याच्या डोक्यात जाऊ नयेत म्हणून साठ्याचा नियम कडक होता. ब्लेडचं नाव आणि ते बसलेल्या जागेचा क्रमांक, दोन्ही आपल्या यादीशी जुळले तरच साठा दार उघडायचा. नाही जुळले तर तो भांडायचा नाही, नुसता गप्प राहायचा. ब्लेडच्या पोटात मात्र दहा दिवसांची शिदोरी असायची. माणसाचे नवे दिवस आधी तिथे जमायचे आणि मग साठ्यात लिहिले जायचे.

अकरा क्रमांकाचं ब्लेड अक्काचं होतं.

अक्का तीस वर्षं तिच्याशी बोलली नव्हती. अक्काला उशिरा झालेली एकुलती मुलगी, मृणाल, आठ वर्षांची असताना हेमांगीच्या नजरेखालून कालव्यावर गेली आणि बुडाली. अक्का जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती आणि त्या दिवशी निवडणुकीच्या कामावर गेली होती. हेमांगी पुण्याहून रजेवर आलेली, घरात होती. पोलिसांना, मेहुण्यांना, सगळ्यांना तिने एकच सांगितलं, की पोर न विचारता गेली. अक्काला ते शब्द फार लागले. पाण्याजवळ जायचं तर विचारल्याशिवाय जायचं नाही, हे तिने मुलीला अक्षरओळखीच्याही आधी शिकवलं होतं. तेराव्यानंतर अक्काने धाकट्या बहिणीला सांगितलं, की पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. हेमांगीने ते पाळलं.

पुढे मेहुणे गेले, अक्काला आजार जडला, ती कराडच्या एका वृद्धाश्रमात राहायला गेली आणि तिचं नाव या केंद्राच्या यादीत आलं. हेमांगीने पुण्याची नोकरी सोडून इथली मागून घेतली. साठ्यात कुणाचं काय आहे हे केंद्रातल्या माणसांना दिसत नसे, दिसायचा तो ब्लेडवरचा हिरवा दिवा. रोज सकाळी ती आधी अकरा नंबरचा दिवा बघायची. बहिणीचा आपल्यावरचा राग त्या दिव्यामागे जागा आहे आणि आपणच त्याची राखण करतो आहोत, हे तिला ठाऊक होतं. ते काम ती मन लावून करायची.

त्या वर्षी केंद्रात नवी चॅसिस आली होती. जुन्या ब्लेडांच्या तोंडावरच क्रमांक असायचा. नव्यांच्या तो कुशीवर होता, ब्लेड बाहेर काढल्यावरच दिसणारा. वर्षातून एकदा धूळ काढायला अर्ध्या तासाची सवलत मिळे आणि ती सवलत हेमांगी नवमीला वापरायची. तिने सतरंजी अंथरली, अलीकडे उभं राहून सोळा ब्लेड क्रमाने दोन ओळींत समोरासमोर मांडली, मधे समई ठेवली. पंप आणि गार पाण्याचे नळ बघणारा इक्बाल मुजावर पाटणहून कंदी पेढे घेऊन आला. पन्नाशीच्या या माणसाला ताईंची थट्टा केल्याशिवाय पेढा गोड लागत नसे. ताई, यंदा माझ्या पंपाला पण जेवायला बसवा, तो बिचारा वर्षभर पाण्यावरच आहे, असं तो म्हणाला आणि पंगत उचलेपर्यंत तो फोनवर फोटो काढत राहिला.

पूजा झाली, पेढे वाटले, माणसं सतरंजीच्या कडेने बसली. हेमांगीने वरची ओळ चॅसिसमध्ये परत बसवली. खालची ओळ उचलायला मात्र ती बसलेल्या माणसांना वळसा घालून सतरंजीच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथून डावीकडून उजवीकडे एकेक ब्लेड उचलत गेली. ओळ उलटी झाली. सोळावं नवाच्या जागी गेलं, चौदावं अकराच्या, आणि तसंच पुढे. पंगतीत समोर बसलेल्याचा डावा हात आपल्या उजवीकडे असतो, एवढी साधी गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही.

चॅसिसला ब्लेड बसलं एवढंच कळतं. चॅसिसचे दिवे हिरवे झाले. साठ्याशी आठ जोडण्या तुटल्याचा निरोप पडद्यावर आला, पण नवमीनंतर असे निरोप दरवर्षी यायचे आणि साठ्याची मोजणी झाली की आपोआप जायचे. यंत्राने एकदा आणलेलं दिवसभर पुरायचं, म्हणून त्या दिवशी कुणाला काही जाणवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती.

एकादशीच्या सकाळी ती कामावर आली तर फोन थांबत नव्हते. कुणाची आई सुनेला मोलकरीण समजत होती. कुणाचे वडील जेवायला बसत नव्हते, कारण हे घर त्यांचं नव्हतं. इक्बाल दारातच उभा होता. त्याची अम्मी बारा नंबरला होती. रात्रीपासून ती त्याला घरात घेत नव्हती, मालक घरात नाहीत, नंतर या, असं दाराआडून सांगत होती.

"किती वेळ लागंल, ताई?"

"बघते. सापडेल," हेमांगी म्हणाली. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा ते खरं होतं.

पुण्याला तिला हे काम शिकवणारे पेंढारकर सर म्हणायचे, की पडद्याला शेवटी विचारावं, आधी डोळ्यांनी बघावं, मग हाताने. तिने आधी डोळ्यांनी पाहिलं. तुटलेली आठही माणसं खालच्या ओळीतली होती. तारा मात्र दोन्ही ओळींना एकच होत्या. म्हणजे तारांत दोष नव्हता, साठाही जागा होता, कारण वरची आठ माणसं सुखरूप होती. मग तिने हात घातला. नवव्या जागेवरचं ब्लेड चार बोटं बाहेर ओढलं आणि कुशीवरचा क्रमांक वाचला. सोळा. वर तिचं स्वतःचं कुंकू होतं, ओघळलेलं.

सगळं तिला त्या क्षणी कळलं. आठ ब्लेड काढायची, उलट क्रमाने बसवायची, वीस मिनिटांचं काम. ती पहिल्या ब्लेडला हात घालणार, इतक्यात तिचा फोन वाजला. कराडच्या आश्रमातून अक्काची देखभाल करणाऱ्या सिंधूबाई बोलत होत्या. गेल्या चार वर्षांत त्यांनी एकदाही फोन केला नव्हता, कारण अक्काने तसं बजावून ठेवलं होतं. बाई सकाळपासून एकच विचारताहेत, त्या म्हणाल्या, माझी हेमा कुठंय, शाळेतून आली का. तुम्ही येता का?

हेमांगीने ते ब्लेड परत आत ढकललं. सोळा क्रमांकाचं, नवव्या जागेवर. एक दुपार, असं ती स्वतःशी म्हणाली.

अक्का खिडकीशी बसली होती. तिच्या कानामागचा दिवा पिवळा झाला होता. तीस वर्षांनी हेमांगी त्या चेहऱ्यासमोर उभी राहिली आणि दारातच थबकली, जणू अजूनही कुणीतरी जा म्हणेल.

"हेमे, केवढा उशीर गं," अक्का म्हणाली. "आणि केस बघ. परीक्षेचा इतका घोर घेतेस, पांढरे झाले की."

तिने हेमांगीला पुढ्यात बसवलं, सिंधूबाईंकडून तेल मागितलं आणि केस विंचरायला घेतले. अक्का विशीत पोचली होती. लग्न, नोकरी, मूल, काहीच झालेलं नव्हतं. अण्णा गिरणीत होते, आई देवळात गेली होती. हेमांगी हो हो म्हणत गेली. अक्काच्या बोटांना अजून तीच घाई होती, वेणीचा पेड ओढून घ्यायची तीच सवय, दुखलं तर दुखू दे अशी. तीस वर्षांत हेमांगीच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिने लग्न केलं नव्हतं. आपल्याला काही मागायचा हक्क उरलेला नाही, असं तिने बत्तिसाव्या वर्षीच ठरवून टाकलं होतं.

दोन वेण्या घालून झाल्यावर अक्का आपल्या हातांकडे बघत राहिली. हे हात म्हाताऱ्या बाईचे आहेत, हे तिला दिसत होतं, आणि ते कसं झालं हे कळत नव्हतं. मग तिने हळूच विचारलं, जसं एखादी नको ती गोष्ट विचारावी.

"हेमे, मला मूलबाळ काही झालं का गं?"

"नाही, अक्का," हेमांगी म्हणाली.

अक्काने मान हलवली. तिला वाईट वाटलं की बरं वाटलं, कळलं नाही. तिने हेमांगीच्या वेणीचं टोक दोन बोटांत धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हेमांगीने केंद्राच्या पुण्यातल्या मुख्य कचेरीला कळवलं, की चॅसिसमधला साठ्याकडे जाणारा जोडभाग बिघडलेला दिसतो, नवा पाठवा. तो नवा भाग आला. उपयोग नाही हे माहीत असून तिने तो बसवला, नोंद केली, तपासणी घेतली. मग तारा बदलल्या. मग यादी नव्याने मागवली. माहितीपुस्तकात दिलेली प्रत्येक पायरी ती नीट पार पाडत होती आणि रोजच्या नोंदी अचूक होत्या. एकच पायरी तिने वगळली होती. दुपार झाली की ती कराडची बस धरायची.

त्या चार दुपारी अक्का तिला पाढे घोकायला लावायची, सागरगोटे शिकवायची, शेजारच्या पोरीशी भांडू नकोस म्हणून दटावायची. एकदा तिने गिरणीतली पंगत आठवली. कुंकू ओघळवतेस तू, असं म्हणून ती इतकी हसली की सिंधूबाई बघायला आल्या. आणि एकदा बोलता बोलता ती थांबली, समोरच्या रस्त्यावरून शाळेची मुलं जात होती तिकडे बघत राहिली आणि म्हणाली, की मला काहीतरी हरवल्यासारखं वाटतं, पण काय ते कळत नाही. हेमांगीने पाण्याचा पेला पुढे केला आणि विषय बदलला.

रोज सकाळी इक्बाल विचारायचा, सापडलं का ताई. शोधतेय, असं ती सांगायची. तो थट्टा करायचा थांबला होता. अम्मीने त्याला अजून घरात घेतलं नव्हतं. तो शेजारणीच्या हाती डबा पाठवायचा आणि स्वतः पडवीत बसून जेवायचा, आतून अम्मी कुणा दुसऱ्याला सांगत असे, की तो माणूस अजून गेला नाही, मला भीती वाटते. त्याने हे हेमांगीला सांगितलं तेव्हा ती पडद्याकडे बघत होती, आणि बघतच राहिली.

कोजागरीच्या सकाळी तो आला तेव्हा त्याने सापडलं का असं विचारलं नाही. तो तिच्या समोरच्या खुर्चीवर बसला.

"साळुंखेमामा गेले," तो म्हणाला.

दत्तोबा साळुंखे नवव्या जागेचे. चौतीस वर्षं पाटण आगारात एसटीचे चालक होते. पहाटे उठून त्यांनी ट्रंकेतला जुना खाकी सदरा काढला आणि चिपळूणची पहिली गाडी काढायची म्हणून घराबाहेर पडले. आगार कुठे ते त्यांना पक्कं आठवत होतं. ते तिथून हलवल्याला बारा वर्षं झाली, हे मात्र साठ्यात होतं. ते नव्या रस्त्याच्या भरावावरून खाली ओढ्यात पडले. दूधवाल्याला दिसले तेव्हा फार उशीर झाला होता. त्यांची मुलगी चार दिवस केंद्रात रोज दोनदा फोन करत होती. हेमांगीला तिचा आवाज ओळखीचा झाला होता.

इक्बालने आपला फोन टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे सरकवला. पूजेनंतरचा फोटो होता. समई, वरची ओळ उचललेली. मागे हेमांगी, सतरंजीच्या पलीकडे, हातात खालच्या ओळीच्या शेवटच्या टोकाचं ब्लेड, बाकीची सात अजून खाली.

"काल पोरीला दाखवताना बघितला. मी पाण्याचा माणूस, मला यातलं काय कळतंय. पण पंगतीत वाढायला मी लहानपणापासून जातो, ताई. कुठल्या बाजूनं वाढायला घेतलं की कोण शेवटी येतं, ते मला कळतं."

तिने फोन त्याच्याकडे परत सरकवला.

"तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. आत्ता, तुझ्या फोटोवरून, एवढं म्हटलं असतं तर त्याने मानलं असतं. तशी इच्छाही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"एकादशीला," ती म्हणाली. "दुपारी बारा वाजता."

इक्बालने फोन उचलून खिशात टाकला. खालच्या मजल्यावर त्याचे पंप एका लयीत चालत होते.

"चार दिवस मी पडवीत जेवलो, ताई," तो म्हणाला. मग उठला, तिच्यामागे चॅसिसपाशी येऊन उभा राहिला आणि तिचं काम होईपर्यंत तिथून हलला नाही.

वीस नव्हे, सतराच मिनिटं लागली. तिने आठही ब्लेड काढून सतरंजीशिवाय, नुसत्या फरशीवर ठेवली, प्रत्येकाच्या कुशीवरचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि आपापल्या जागी बसवलं. साठ्याने एकेक करून दार उघडलं. पडद्यावर प्रत्येकाच्या नावापुढे प्रश्न आला, की तुटलेल्या काळात ब्लेडमध्ये साचलेले दिवस साठ्यात लिहायचे की टाकून द्यायचे. बारा नंबरला तिने इक्बालकडे पाहिलं. चार दिवस मुलाला चोर समजल्याचं अम्मीला आठवावं की नाही? तो म्हणाला, लिहा, तिचे दिवस आहेत ते. तिने लिहिले. साळुंख्यांचेही लिहिले. साठ्याने ते घेतले, आणि त्यांच्या ब्लेडचा दिवा पिवळाच राहिला. दार उघडं होतं, आतून काही मागणारं कुणी नव्हतं.

अकरा नंबर तिने शेवटी ठेवला होता.

टाकून द्यायचे म्हटलं, तर अक्काला मृणाल परत मिळणार होती आणि बहिणीच्या त्या चार दुपारी गेल्याचं कधीच कळणार नव्हतं. ते ‘नाही, अक्का’ हे दोन शब्दही गेले असते. लिहायचे म्हटलं, तर दोन्ही एकाच डोक्यात शेजारी शेजारी येणार होते. वेणी घालणारा हात, आणि ती कुणाची वेणी होती ते. तिने डोळे मिटले नाहीत. तिने लिहा यावर बोट ठेवलं आणि दिवा हिरवा होईपर्यंत उचललं नाही.

मग तिने पुण्याच्या कचेरीला पत्र लिहिलं. नवमीची चूक एका ओळीत आली. एकादशीच्या दुपारपासूनच्या चार दिवसांना पान भरलं. साळुंख्यांच्या मुलीला याची प्रत द्यावी, असं तिने शेवटी लिहिलं आणि किल्ल्या इक्बालच्या समोर ठेवल्या. त्याने त्या उचलल्या नाहीत, परतही दिल्या नाहीत. अम्मीकडे जातो, एवढंच म्हणाला.

ती कराडला पोचली तेव्हा उन्हं उतरली होती. सिंधूबाई दारातच भेटल्या. बाई दुपारपासून एक शब्द बोललेल्या नाहीत, जेवणाचं ताट तसंच आहे, तुम्ही आज जाऊ नका आत, असं त्यांनी सुचवून पाहिलं. हेमांगी आत गेली.

अक्का खिडकीशीच होती, पण आता ती एकाहत्तर वर्षांची होती. कानामागचा दिवा हिरवा होता. तेलाची बाटली आणि कंगवा उशाशी तसाच पडलेला. तिने मान वळवली आणि हेमांगीकडे, तिच्या केसांकडे पाहिलं. आदल्या दिवशीच्या वेण्या हेमांगीने सोडल्या नव्हत्या. ते तिच्या आत्ता लक्षात आलं.

"माझ्या मृणूला तू दोनदा बुडवलंस," अक्का म्हणाली.

आवाज चढलेला नव्हता. हेमांगी उभी राहिली. तिने साळुंख्यांचंही सांगितलं, नाव, वय, खाकी सदरा, सगळं, कारण ते अक्काला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. अक्काने ऐकून घेतलं. बाहेर आश्रमाच्या अंगणात कुणीतरी संध्याकाळच्या दुधासाठी पातेली घासत होतं.

"त्या चार दिवसांत," अक्का म्हणाली, "मला सारखं वाटत होतं काहीतरी हरवलंय. तू पाणी दिलंस."

"हो."

"आता ती परत आली. पण अर्धीच आली, हेमांगी. मी बूथवर होते. सकाळी तिची वेणी घालून मी निघाले आणि संध्याकाळी मला ती दाखवली. मधलं माझ्याकडे काहीच नाही. तेव्हा मला ऐकवलं नसतं, मी विचारलं नाही. नंतर तुझं तोंड बघवत नव्हतं." तिने कानामागच्या यंत्राला बोट लावलं. "याच्यात जाऊ दे. बस इथं. सकाळपासूनचं सांग, आणि काही गाळू नकोस."

हेमांगी समोर बसली. तीस वर्षं तिने तो दिवस मनात इतक्यांदा उलगडला होता, की त्याच्या घड्या झिजल्या होत्या. तरी एक घडी तिने कुणासमोर कधी उघडली नव्हती.

मृणूने सकाळी पोह्यातले शेंगदाणे वेचून आधी खाल्ले, हे तिने सांगितलं. पिवळा फ्रॉक मागितला, त्याचं बटण तुटलेलं होतं, तिथे सेफ्टी पिन लावली. मग पुण्याहून कामाचा फोन आला. कुठल्यातरी बँकेच्या यंत्रांची साठ्याशी जोडणी तुटली होती, अगदी परवा केंद्रात झालं तशीच. तिने लॅपटॉप उघडला, फोन खांद्याशी धरला आणि तिकडच्या माणसाला दिवे वाचायला सांगितले. कुठला हिरवा, कुठला पिवळा. मृणू येऊन शेजारी उभी राहिली. तिने हेमांगीची बाही ओढली.

इथे हेमांगी थांबली. अक्काने तिला थांबू दिलं, पण नजर हटवली नाही.

"अक्का, मी सगळ्यांना खोटं सांगितलं," हेमांगी म्हणाली. "ती न विचारता गेली नव्हती. मावशी, कालव्यावर शंख आलेत, मी जाऊ का, असं तिने तीनदा विचारलं. दोनदा मी ऐकलंच नाही. तिसऱ्यांदा मी तिच्याकडे न बघता हं म्हणाले. जा, म्हणाले. तू शिकवलं होतंस तशीच ती विचारून गेली."

अक्काने दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, शाळेत छडी घ्यायला मुलं ठेवतात तसे, आणि त्या रिकाम्या तळव्यांकडे बघत राहिली. कानामागचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. नवं काही साठ्यात लिहिलं जात असलं की तो तसा लुकलुकतो, हे हेमांगीइतकं कुणाला माहीत होतं.

"पुढे," अक्का म्हणाली.